पुढच्या पायऱ्या

आई,
नमस्कार करते आणि लगेच भांडायला बसते.

जेवण वेळेवर होतं, वर्गातली मुलं गोड आहेत. पण तू शिकलीस त्याच या हायस्कूलच्या दारात शताब्दीचा फलक लागलाय: ‘मुलींना पहिल्यापासून समान प्रवेश.’ डोंबलाचा समान! पुढच्या पायऱ्या मुलांच्या, आणि तुम्हाला सायकल स्टँडमागच्या दारातून आत घ्यायचे ना?

मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं. म्हणाले, “बाई, जुनं कशाला उकरता?” मी म्हटलं, “भिंतीवर तुम्हीच लावलंय की!” तेव्हापासून अबोला आहे. बाबांना सांगू नकोस, नोकरीची काळजी करत बसतील.

गुडघा कसा आहे? समारंभाला ये. मागच्या दाराला पायऱ्या नाहीत, तरी आपण पुढूनच चढायचं. मी हात धरीन.

तुझी,
भांडखोर लेक