नारिंगी कापडाची पाळी

ताडकळस,
१४ नोव्हेंबर २०२१

नागेश भावजी,

सप्रेम जय भीम. आम्ही बऱ्या आहोत. कापसाची वेचणी चालू आहे. वालूरकडं पाऊस लय झाला असं ऐकलं. सोयाबीन हाती लागलं का? तुमची तीन पत्रं मी न फोडता परत केली होती. हे तरी तुम्ही फोडा.

आमची धम्मशीला हवाई दलात विमान चालवायला निवडली गेली. पहाडावरच्या लढाईत तिचे वडील गेले तेव्हा ती पोटात होती. आता जानेवारीत ट्रेनिंगला निघेल. परवा म्हणाली, "आई, वरून आपला माणूस कोणता अन् दुश्मनाचा कोणता, कळतच न्हाई म्हणं."

"मला विचार," मी म्हणाले. "वाचनालयातली पुस्तकं वाचून तुझ्याआधी पायलट झाले मी."

हसली. मग सांगितलं, की खालचे जवान आपल्या जागेवर नारिंगी कापड पसरतात. ते पाहून विमान त्यांच्या पुढच्या दुश्मनाच्या मोर्च्यावर मारा करतं. कापड दिसलं नाही तर वैमानिक माघारी फिरतो आणि खालचे तसेच अडकून राहतात.

"पसरणाऱ्याला आडोसा?"

"नसतो."

पुढचं तिला सांगितलं नाही. ते आधी तुम्हाला सांगायचं आहे.

तिचे वडील, दत्तराव, तुमच्या दोघांच्या तुकडीसाठी ते कापड पसरतानाच गेले. पहिल्या स्मृतिदिनाला तुम्ही म्हणालात, "वहिनी, पाळी माझी व्हती. पाय सुजले म्हणालो, म्हणून साहेबानं त्यांला पाठवलं." मी भरल्या मांडवात विचारलं, "मग इथपर्यंत चालत कसे आलात?" त्यानंतर तुम्ही ताडकळसला पाऊल ठेवलं नाही.

त्या दिवशी त्यांचं शेवटचं पत्र माझ्या पेटीत होतं. ते गेल्यावर नवव्या दिवशी आलेलं. त्यात लिहिलंय, "नागेशचे पाय बर्फानं सुजलेत, अजून कुणाला बोलला नाही. उद्याचं कापडाचं काम मी साहेबाकडून मागून घेतलंय."

तुम्ही साहेबापुढं तोंड उघडायच्या आधीच त्यांनी ते मागितलं होतं, भावजी. मला ठाऊक होतं. कुणावर तरी राग धरला की दिवस निघायचा, म्हणून धरला.

सोबत ते पत्र आहे. झेरॉक्स नाही, मूळ.

येत्या रविवारी या. त्या दिवशी मांडवात होती ती माणसं बोलावली आहेत. विमानं आली तेव्हा खाली काय वाटलं, ते धम्मशीलाला तुमच्याकडून ऐकायचं आहे. पत्र घेऊन या, सगळ्यांसमोर मी वाचणार आहे. नाही आलात तरी वाचेन. मला ते पाठ आहे.

खरं माहीत असून गप्प राहिलेली,
सरजाबाई