बाल्कनीतली येळवस

७ डिसेंबर २०२५, रविवार, स्टुटगार्ट

अप्पांनी फोनवर सांगून टाकलं, "यंदा येळवस न्हाई करायची." अव्वाला, आमच्या आईला, जाऊन आठ महिने झाले. वेळा अमावस्येला पांडव पुजायला, जेवायला सगळे शेतात निघाले की आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन पुढे तीच असायची. "आता कुनाच्या डोक्यावर देऊ? घरात बाईमानूस हाय का?" भावाचं, सत्यमचं, लग्न व्हायचंय अजून. चाळीस वर्षांत एक येळवस न चुकवलेला माणूस यंदा लातुरात टीव्हीसमोर बसणार! रागच आला. म्हटलं, मग मी इथं करते.

"कर," म्हणाले. फोन ठेवला.

१० डिसेंबर

भज्जीत काय काय पडतं ते विचारलं. तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, चिंच, "आन् बेसन शेवटी लाव, तुझी अव्वा तसंच करायची." बारा मिनिटं बोलले. आठ महिन्यांत एवढं बोलले नव्हते. उद्या आंबील विचारीन. मला येते, तरी.

१३ डिसेंबर

ज्वारीचं पीठ नि ताक हीटरला टेकवून ठेवलंय, आंबायला. विरूपाक्ष नाक धरून फिरतोय. आणि नवरा म्हणे औशाचा, येळवशीच्याच मुलखातला!

१४ डिसेंबर

येळवस शुक्रवारी, पण दोघांना ऑफिस, म्हणून आजच केली. कडबा कुठला — कोपीचं खोपटं वेताच्या चटईचंच उभारलं. आत पाच दगडांचे पांडव. चुना नाही, टूथपेस्ट फासली. माझी मान धरलेली, म्हणून मडकं विरूपाक्षनं डोक्यावर घेतलं. स्वयंपाकघर ते बाल्कनी, आठ पावलं. शेतात शिंपडतात तशी आंबील शिंपडली, ती थेट खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलरांच्या कुंड्यांवर. तावातावानं वर आल्या. येळवशीला आलेल्याला उपाशी कोण पाठवतं? बसवलं. भज्जी दोनदा घेतली त्यांनी.

अप्पांना सांगितलं. आधी चिडले — "अमावस्या शुक्रवारी हाय, रविवारी कुठून आली गं?" मग कुंड्यांचं ऐकून हसले, खोकला येईपर्यंत. मग विचारलं —

"मडकं जावईबापूनं घेतलं? डोक्यावर?"

"हो."

"हं."

१८ डिसेंबर

फोन नाही. उद्या येळवस. मी विचारणार नाही.

१९ डिसेंबर

सत्यमनं फोटो पाठवलाय. बांधावर सगळ्यांच्या पुढे अप्पा. डोक्यावर अव्वाच्या हिरव्या लुगड्याची चुंबळ, तिच्यावर मडकं. खाली लिहिलंय — मी घेतो म्हणलं, तर दिलं न्हाई.