तुझा स्वेटर धुतला

ठमे,

तुझी शेंबडी मांजर अजून जिवंत आहे. पुलाखालून उचलून तू तिला तुझ्या स्वेटरात गुंडाळून आणलीस, तेव्हापासून ती त्याच स्वेटरावर झोपते आणि त्यालाच नाक पुसते. औषध संपलं की पुन्हा छातीत घरघर सुरू. मग मी तिला घेऊन न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत बसते. नाक मोकळं झालं की चार घास खाते, तेही मेहेरबानी केल्यासारखे.

काल जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "अंथरूण उकळत्या पाण्यात धुता ना?"

"सगळं धुते. एक स्वेटर सोडून."

"अहो बाई, तोच तर रोग धरून बसलाय. तो का नाही?"

"मुलीचा आहे."

"मग मुलीला विचारा आणि धुवा."

"ती वारली," मी म्हटलं.

शेंबडी त्याच्या कोटावर शिंकली.

दिवसभर लॉन्ड्रीत मी परक्यांच्या चादरी धुते, पण हा एक स्वेटर हातून होईना. गळ्यापाशी अजून तुझ्या तेलाचा वास होता. मांजरीला कसला येतोय, तिचं नाक कायम चोंदलेलं. मलाच यायचा.

आज धुतला. रडले वगैरे नाही. वाळवून नेहमीच्या जागी ठेवला. शेंबडी आली, गोल फिरली आणि त्यावर झोपली. तिला काही फरक पडला नाही.

मी गळ्यापाशी नाक लावून पाहिलं. साबणाचा वास येतो. दुसरा कसला येणार.

उठते आता. तिच्या वाफेचं पाणी उकळलं.

आई