निंबाखालची सीट

रविवार, दिग्रस

लिहायचं रोज उद्यावर ढकलून राह्यलो. गॅरेजात माह्या दोस्ताची, विक्कीची, स्पोर्ट्स कार ट्रॅकवर पळवायसाठी हलकी करणं चालू आहे. एसी गेला, आज मागची सीटही काढली. कार खरी त्याच्या बाबाची, अन् त्यायले पत्ताच नाही. समजलं तं ट्रॅक राह्यला बाजूले, विक्कीची चाबीच जाईन.

गॅरेजवाल्या सलीमचाचानं सीट बाहेर निंबाखाली मांडली. "अबे, गिऱ्हाईक आरामात बसतीन." मी म्हटलं, झाकू. ताडपत्री आणाले गेलो अन् टपरीवर कबुतरं पाहत बसलो. सीट उघडीच.

आत्ता स्कूटीत हवा भराले विक्कीचे बाबा आले, सरळ सीटवर टेकले. "मस्त नरम हाये रे. कोणाच्या गाडीची?" चाचा माह्याकडं पाहून राह्यले, मी वहीत.