पोटाच्या कातड्याचे धनुष्य

मी, धंद्याने धनुष्य बनवणारा, एका डोळ्याचा, दोन्ही हात थरथरणारा, पण डोके अजून ठिकाणावर असलेला, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझ्यामागे पुढीलप्रमाणे करावे. दडपण कोणाचेही नाही. दडपण आणायला घरात माणूस लागते.

१. राहते घर आणि बँकेत असेल ते मुलीला. बाळ, घर विकून टाक. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लागत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांग. मागून बोल नको.

२. रंधे, कानशी आणि सरसाचे भांडे शेजारच्या शिंपीणबाईंना. त्यांना त्यांचा उपयोग नाही, हे मलाही कळते. पण वर्षानुवर्षे त्यांनी मला तागाच्या कापडाचे तुकडे दिले आणि कशाला हवेत हे एकदाही विचारले नाही. भांड्यात झाड लावावे.

३. माळ्यावरचा कातड्याचा गठ्ठा कातडेवाल्याला परत द्यावा. जनावराच्या कण्याजवळचे कातडे घट्ट आणि एकसारखे असते, पोटाचे कुठे जाड कुठे पातळ. त्याने मला आयुष्यभर कण्याच्या नावाखाली पोटाचेच दिले. त्याच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, कारण दुसरा विकणारा नव्हता. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

४. कारखान्याच्या मधोमध असलेली भिंत पाडावी किंवा राहू द्यावी. पलीकडे माझा धाकटा भाऊ काम करतो. वडिलांच्या वेळी एकच खोली होती. भिंत का आली ते लिहितो, कारण तो स्वतः सांगणार नाही.

धनुष्य ओढले की त्याची आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते आणि पलीकडची, म्हणजे पाठ, ताणली जाते. फुटायचे तर लाकूड ताणाच्या बाजूने फुटते, म्हणून पाठीवर कातडे किंवा बांबूची पट्टी चिकटवतात. बांबूचे पेर उंच राहते, दिसायला ओबडधोबड. ते तसेच ठेवायचे असते. धाकट्याने शोभेसाठी पेर तासून सपाट केले, तिथले तंतू तुटले, आणि ते धनुष्य माझ्या हातात फुटले. डावा डोळा गेला. धाकटा म्हणाला, "दादा, तुझं लाकूडच किडकं होतं." लाकूड किडके नव्हते. मृत्यूच्या दारातही हेच म्हणतो, लाकूड किडके नव्हते.

५. खुंटीवरचे शेवटचे धनुष्य धाकट्याला. अट काही नाही. पेराबद्दल एक शब्द बोलला तर बरे वाटेल, पण ती अट नव्हे.

त्याच्यासाठी नोंद. पाठीला पोटाचेच कातडे आहे. ओले कातडे ताणून बसवायला चार हात लागतात. माझे दोनच, म्हणून एक टोक दातात धरले आणि तरी अख्खी पट्टी साधली नाही. दोन अर्ध्या घेतल्या, जोड मुठीखाली ठेवला, कारण मूठ वाकत नाही. एक पातळ जागाही मुठीजवळ लपवली. दुसरी वरच्या बाहूच्या, म्हणजे मुठीवरच्या वाकणाऱ्या भागाच्या, ऐन मध्यावर आली, तिला हलवायला जागाच नव्हती. तिच्याखाली शिंपीणबाईंच्या तागाचे दोन थर घातले आणि तेवढे लाकूड कमी तासले. हनुवटीपर्यंतच ओढावे, पुढे नाही.

६. धाकट्याने घेतले नाही तर धनुष्य मुठीतून करवतीने कापून बंबात घालावे. दुसऱ्या कोणाला देऊ नये. सांगितले तरी माणूस कानापर्यंत ओढतोच, आणि एका घरातून एक डोळा गेला तेवढे पुरे.

इथवरचे वकीलबाईंनी टाइप केले. पुढचे माझ्या हातचे आहे, अक्षराला हसू नये.

आज सह्यांसाठी सगळे जमलो. कलम पाच ऐकावे म्हणून वकीलबाईंनी धाकट्याला बोलावले होते. त्याने उभ्यानेच वाचले. मग खुंटीवरून धनुष्य काढले, पाठीवरून अंगठा फिरवला, वरच्या बाहूवर थांबला. म्हणाला, "जोड मुठीत घेतलास. बरं केलंस."

मी म्हणालो, "आणि पेराचं?"

त्याने धनुष्य खुंटीला लावले. वकीलबाईंना म्हणाला, "तुमचा कारकून राहू द्या. साक्षीला मी सही करतो."

बाई म्हणाल्या, "अहो, साक्षीदाराला या कागदातलं काही घेता येत नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर करतोय."

मला रडू आले, ते इथे लिहून ठेवतो. त्याला अडवले नाही. कलम पाच रद्द समजावे, कलम सहा लागू. करवत दारामागे आहे. कापताना शिंपीणबाईंनी दुसरे टोक धरावे.

ठिकाण: कारखाना, भिंतीच्या अलीकडे
दिनांक: ९ मार्च

लिहून ठेवणारा: थोरला (सही वाकडी आहे, माझीच आहे)

आमच्यासमोर सही झाली:
पहिली साक्षीदार: वकीलबाई
दुसरा साक्षीदार: धाकटा भाऊ