बाबांनी वहिनीसाठी निवडलेली रायफल

रेजिना, गुरुवार, १५ ऑक्टोबर

मंगळवारी लिहिलं की वहिनीला रायफल बाबांनी घेऊन दिली. चूक. घेतली तिने स्वतः. बाबांनी फक्त निवडून दिली. पण मला बोचतंय ते निवडणंच.

नेमबाजी मलाही बाबांनीच शिकवली, बेसमेंटमध्ये, रिकाम्या रायफलीवर. माझ्या हाती अजून त्यांचीच जुनी. मी लांबून हरीण मारायचं म्हटलं की बाबा म्हणतात, "आधी जवळ जायला शीक." आणि तिला दुकानात किती समजावलं. "सूनबाई, ही सहा पॉइंट पाच क्रीडमूर घे. खांद्याला झटका कमी, गोळी वाऱ्यात कमी ढळते." रेंजवर तिच्या खांद्यावर टॉवेलची घडीसुद्धा स्वतः ठेवली. माझ्या खांद्यावर कधी ठेवली?

म्हणून मी हट्टाने थ्री हंड्रेड मॅग्नम रायफल बुक केली. तिच्यापेक्षा जोरदार. आज मैत्रिणीची तशीच चालवून पाहिली. झटक्याच्या भीतीने दरवेळी डोळे मिटले, गोळ्या भलतीकडे. समोर हरीण असतं तर जखमी होऊन तडफडत पळालं असतं. मी वहिनीवर जळते, त्याची शिक्षा हरणाला?

संध्याकाळी न राहवून वहिनीला फोनवर टॉवेलचं बोललेच. ती हसली. "वन्सं, हवा तर घेऊन जा. धुऊन ठेवलाय." मला हसू आलं नाही.

मॅग्नम रद्द करायची. ते सोपं आहे. मग बाबांसमोर उभं राहून म्हणायचं, "तिला दिलीत तशी मलाही निवडून द्या." शनिवारी, १७ ऑक्टोबरला.