लाल बाणाचा मथळा

मी, नवनीत धुडकू पाटील, वय ६९, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. पत्नी तापीबाई सहा वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी रोहिणी मागच्या वर्षी पौषात, चौतिसाव्या वर्षी गेली. वाटणीसाठी भांडणारे घरात कोणी उरलेले नाही. तरी लिहिणे भाग आहे.

१. तापीकाठची दीड एकर केळीची जमीन धाकटा भाऊ कुंदन याला द्यावी. रोहिणीच्या तेराव्याच्या दिवशी त्याने तिचा लॅपटॉप विकण्याचा विषय काढला होता. जमीन दिली म्हणून मी ते विसरलो असे त्याने समजू नये.

२. लॅपटॉप आणि त्यातली फाइल मयूरीला द्यावी. ही माझी मेहुणी सुगंधाबाई, राहणार धानोरा, हिची नात. फाइलबद्दल खुलासा करणे आवश्यक आहे.

रोहिणीचे सगळे काम त्या एकाच फाइलमध्ये आहे. ती ज्या एडिटरमध्ये लिहायची त्यात मथळ्याखाली मथळे असतात. दाबला की उघडतो, पुन्हा दाबला की मिटतो. केळीला पाणी कधी द्यायचे ते सांगणारा प्रोग्राम, नवीन काही शिकताना केलेल्या नोंदी, आईवर लिहायला घेतलेले पुस्तक, सगळे तिथेच. माझ्या निवृत्तीनंतर तिने मलाही शिकवले. मी त्यात फवारणीच्या तारखा लिहायचो.

'आईचं बोलणं' हा मथळा दोन ठिकाणी होता. एक पुस्तकाखाली, दुसरा अहिराणी शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या प्रोग्रामखाली. तापीबाई अहिराणीत जशी बोलायची तसे, मला मारलेल्या टोमण्यांसह, रोहिणीने एकोणीस पाने उतरवून घेतले होते. मथळ्यावर लाल बाण होता.

रोहिणीच्या वर्षश्राद्धाला त्याची पुस्तिका छापून नातेवाइकांना द्यावी, असे मी ठरवले. चौतीस वर्षे मी वह्यांमध्ये लाल शाईने चुका दाखवल्या आहेत. लाल खूण पाहून मला वाटले, पोरीने दुरुस्तीसाठी ठेवले आहे. चार दिवस बसून मी सगळे शाळेच्या मराठीत आणले. टोमणे काढून टाकले. मूळ मजकूर दुसऱ्या ठिकाणी आहेच, अशी खात्री होती. रविवारी नेहमीप्रमाणे फाइल पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीच्या जागी उतरवली.

मग दुसऱ्या ठिकाणचा मथळा उघडला. तिथेही माझेच मराठी होते.

'आप्पांसाठी' असा एक मथळा होता. तो उघडण्याचा धीर वर्षभर झाला नव्हता. त्या दिवशी उघडला. आत लिहिले होते, "आप्पा, लाल बाण म्हणजे ती एकच गोष्ट दोन जागी टांगलेली आहे. इकडे बदललं की तिकडेही बदलतं."

पुस्तिका छापली नाही. धानोऱ्याला जाऊन सुगंधाबाईला सांगितले. ती वाती वळत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "ती व्हती तवय बी तुम्ही तिना बोलनामा चुका काढेत, दाजी. आते ती नही, तरी बी काढी ऱ्हायनात."

३. प्रकाशाचे राहते घर सुगंधाबाईला द्यावे. तिचे बोलणे तिची बहीण तापीबाई हिच्यासारखेच आहे. मयूरीने तिच्याजवळ बसून, आजी बोलेल तसेच त्या मथळ्यात लिहावे. ते तापीबाईचे होणार नाही, हे मला माहीत आहे.

४. टेबलाच्या खणात लाल पेनांचा डबा आहे. तो कोणालाही देऊ नये.

५. तापीबाईचे एक बोलणे फाइलमध्ये कधी गेलेच नव्हते. शेवटच्या वेळी दवाखान्यात जाताना, गाडीत बसण्याआधी ती मला म्हणाली होती,

"चहा झाकी ठेयेल शे. आते तरी गरम पी ल्या."

हे फाइलमध्ये घालायला मी तीनदा बसलो. तिन्ही वेळा हात शाळेचेच मराठी लिहू लागला. दस्तलेखक नवलसिंग यांनी हा कागद टाइप करताना विचारले, "गुरुजी, हे तेवढं शुद्ध करू का?" मी नको म्हटले. नोंदणी झालेल्या कागदातला शब्द माझ्यामागे कोणाला बदलता येत नाही, म्हणून ते इथे ठेवले आहे.

वरील मजकूर दोनदा वाचला. एकही दुरुस्ती केलेली नाही.

सही: नवनीत धुडकू पाटील

आमच्यासमोर सही केली:
१. चुनीलाल भिला चौधरी, प्रकाशा
२. मिथुन रमण पाटील, प्रकाशा

स्थळ: शहादा
दिनांक: १८ मार्च २०२५